आपणही कुणाचं तरी जेवण

ऑस्ट्रेलियाबद्दलचा एक विनोद इतका जुना झालाय, की तो विनोद आहे हेच आता कुणाच्या लक्षात राहिलेलं नाही. ‘तिथलं सगळंच तुम्हाला मारायला टपलेलं असतं.’ मीमवर ताटाएवढा कोळी असतो, रीलमध्ये कमोडमधून डोकं काढणारा साप असतो, ‘सर्वांत जीवघेणे दहा प्राणी’ अशा व्हिडिओच्या थंबनेलवर मगरीचा उघडा जबडा असतो. आपण हे सगळं रात्री अंथरुणात पडून अंगठ्याने सरकवत पाहतो. पाहताना अंगावर थोडा काटा येतो आणि तो हवाहवासाही वाटतो.

गंमत अशी की हाच देश आपल्या सुट्टीच्या स्वप्नातही असतो. ग्रेट बॅरियर रीफचं निळं पाणी, केर्न्सचं ऊन, डार्विनचा सूर्यास्त, काकाडूतले कमळांनी भरलेले पाणवठे. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या उष्ण पट्ट्याकडे लोक जातात ते या सौंदर्यासाठी, आणि परत येऊन सांगतात ते मगरीच्या पाटीबद्दल. ‘इथे पोहू नका’ या पिवळ्या पाटीसमोर उभं राहून काढलेला सेल्फी हा त्या सहलीचा ठरलेला फोटो. भीती आणि सुट्टी एकाच पाकिटात मिळतात, आणि पाकीट चांगलं खपतं.

या पाकिटात नेमकं काय भरलेलं असतं, हे पाहण्यासाठी दोन लेखकांना शेजारी ठेवून वाचायला हवं. एक बिल ब्रायसन. त्यांचं ‘डाउन अंडर’ हे प्रवासवर्णन २००० साली आलं आणि जगभर वाचलं गेलं. दुसऱ्या व्हॅल प्लमवुड. ऑस्ट्रेलियन तत्त्वज्ञ. त्यांचा ‘बीइंग प्रे’, म्हणजे ‘भक्ष्य असणं’, हा निबंध नव्वदच्या दशकाच्या मध्यावर प्रसिद्ध झाला. ब्रायसन धोक्यांची यादी घेऊन देशभर फिरतात. प्लमवुड त्या यादीतल्या एका प्राण्याच्या तोंडातून परत आल्या. दोघांचा विषय एकच आहे. पण वाचून झाल्यावर आपल्या हातात जे उरतं, ते अगदी वेगळं आहे.

*

आधी ब्रायसन, कारण त्यांच्यावर अन्याय करणं सोपं आहे. ‘डाउन अंडर’ हे खरोखर आनंद देणारं पुस्तक आहे. ब्रायसन घाबरट माणसाची भूमिका घेतात आणि ती निभावतात. साप, कोळी, शार्क, मगर, जेलीफिश असं एकेक प्रकरण ते अशा काही थाटात पुढे आणतात, की जणू अख्खा खंड त्यांची एकट्याची वाट पाहतोय. विनोदाचं दुसरं टोक स्थानिक माणसांच्या हातात. ब्रायसन भयाने पांढरे पडलेले, आणि शेजारचा ऑस्ट्रेलियन खांदे उडवून म्हणणार, की त्याने काही मरत नाही, थोडं दुखतं एवढंच. पाहुण्याची अतिशयोक्ती आणि यजमानाची न्यूनोक्ती यांच्या मधल्या फटीत हे पुस्तक हसतं.

पण हसून झाल्यावर एक गोष्ट जाणवते. या विनोदात प्राण्याला काही करायचं नसतं. त्याने फक्त यादीत असायचं असतं. बॉक्स जेलीफिश काय खाते, किनाऱ्याजवळ का येते, वर्षाच्या कोणत्या महिन्यांत येते, याने विनोदात भर पडत नाही, त्यामुळे ते मागे पडतं. तिच्या विषाने माणूस किती मिनिटांत जाऊ शकतो हे मात्र राहतं. आकडा हाच प्राण्याचा परिचय होतो. यूट्यूबवरच्या ‘टॉप टेन’ व्हिडिओंनी पुढे जे केलं, त्याची घडण इथे, कितीतरी चांगल्या गद्यात, आधीच तयार आहे.

हे फक्त ब्रायसन यांचं नाही. उष्ण प्रदेशांबद्दल थंड प्रदेशातल्या माणसाने लिहिण्याची ही जुनी रीत आहे. लेखक परत जाणार आहे हे वाचकाला पहिल्या पानापासून माहीत असतं. त्यामुळे भीतीला परतीचं तिकीट जोडलेलं असतं. जे लोक तिथेच राहतात, मासे धरतात, मुलांना पोहायला शिकवतात, ते या लेखनात पार्श्वभूमीला उभे असतात. ब्रायसन यांना याची जाणीव नाही असंही नाही. आदिवासींबद्दल लिहिताना ते एका ठिकाणी प्रामाणिकपणे मान्य करतात, की आपल्याकडे कुठलाही उपाय नाही, आणि शेवटी आपणही इतर गोऱ्यांसारखेच पेपर वाचायला लागलो. ही पुस्तकातली सर्वांत अस्वस्थ जागा आहे. पण पुढच्या प्रकरणात गाडी पुन्हा सुरू होते.

*

या रीतीचा खरा तोटा साहित्यापुरताच असता, तर एवढा लेख लिहायची गरज नव्हती. तोटा असा आहे, की ती आपली नजर चुकीच्या जागी खिळवते.

ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवर सर्वांत मोठा धोका कोणता, असं विचारलं तर बहुतेक जण शार्क म्हणतील. तिथल्या जीवरक्षकांना विचारलं तर ते रिप करंट म्हणतात. लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेलं पाणी परत समुद्रात जायला वाट शोधतं, आणि एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोरात मागे वाहतं. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, पाणी थोडं गडद आणि शांत दिसतं. म्हणजे नवख्या माणसाला पोहायला सर्वांत बरी वाटणारी जागा नेमकी तीच. माणूस आत ओढला जातो, घाबरतो, थेट किनाऱ्याच्या दिशेने हात मारत राहतो, थकतो आणि बुडतो. प्रवाहाशी न झगडता तरंगत राहायचं, मदतीसाठी हात वर करायचा, जमलं तर किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याच्या बाहेर पडायचं, हे तिथल्या मुलांना लहानपणीच शिकवतात. त्याहून सोपा नियम म्हणजे लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहायचं. शार्क आणि मगरी मिळून जेवढी माणसं घेतात, त्यापेक्षा कितीतरी जास्त हा प्रवाह घेतो. पण त्याला दात नाहीत. त्याचं थंबनेल होत नाही.

१७ डिसेंबर १९६७ रोजी ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान हॅरल्ड होल्ट व्हिक्टोरिया राज्यातल्या चेव्हियट बीचवर पोहायला उतरले आणि परत आले नाहीत. मृतदेह कधीच सापडला नाही. खवळलेल्या समुद्रात एक माणूस बुडाला, एवढी ती गोष्ट. पण लोकांना ती पुरेना. चिनी पाणबुडीने त्यांना उचलून नेलं, ही अफवा अनेक वर्षं टिकून राहिली. पंतप्रधानाला पाण्याने नुसतं नेलं यापेक्षा पाणबुडीने नेलं, हे मनाला बरं वाटतं. गोष्टीला खलनायक लागतो. मेलबर्नमध्ये या होल्ट यांच्या स्मरणार्थ नाव दिलेला पोहण्याचा तलाव आहे. हा विनोद कुणी रचलेला नाही. तो खरोखर आहे.

जानेवारी २०२४ मध्ये त्याच राज्यातल्या फिलिप आयलंडवर, फॉरेस्ट केव्ह्ज नावाच्या किनाऱ्यावर, भारतीय वंशाच्या एकाच परिवारातली चार माणसं बुडाली. त्या किनाऱ्यावर जीवरक्षकांची गस्त नव्हती. तो किनारा काही उष्ण पट्ट्यातला नाही. पण शिक्षणासाठी, नोकरीसाठी, मुलांकडे महिनाभर राहायला म्हणून ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या आपल्या माणसांच्या डोक्यात त्या देशाचं जे चित्र आहे, ते कुठून आलंय, हा प्रश्न या बातमीपाशी येऊन टोकदार होतो. कोळ्याबद्दल आपल्याला सगळं माहीत असतं. बुटात हात घालण्याआधी तो झटकायचा, हे आई फोनवर चारदा सांगते. आणि सिडनीजवळ सापडणाऱ्या जहाल फनेल-वेब कोळ्यावर १९८१ पासून प्रतिविष उपलब्ध आहे. लाल-पिवळ्या झेंड्यांबद्दल मात्र फोनवर कुणी कुणाला काही सांगत नाही. भीतीच्या साहित्याने आपल्याला घाबरायला शिकवलं. कशाला घाबरायचं, हे शिकवायचं राहून गेलं.

*

नावांचंही असंच झालं आहे. उत्तर क्वीन्सलंडच्या समुद्रात इरुकांजी नावाची एक जेलीफिश असते. तिचं छत्रीसारखं शरीर जेमतेम एक सेंटिमीटरचं असतं. दंश झाल्यावर सुरुवातीला फारसं काही जाणवत नाही. मग काही वेळाने कंबरेत, पोटात, छातीत असह्य वेदना सुरू होतात, आणि त्यांच्यासोबत एक विचित्र लक्षण येतं. आता आपलं सगळं संपणार, अशी पक्की खात्री. वैद्यकीय पुस्तकांत हे लक्षण म्हणून नोंदवलेलं आहे. १९६१ साली जॅक बार्न्स या डॉक्टरांनी हा आजार याच प्राण्यामुळे होतो हे सिद्ध करायला स्वतःला, आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला आणि एका जीवरक्षकाला दंश करून घेतला. तिघेही इस्पितळात गेले आणि वाचले. त्या प्राण्याच्या शास्त्रीय नावात पुढे बार्न्स यांचं नाव गुंफलं गेलं.

भीतीच्या यादीत ही गोष्ट हमखास असते, आणि असायलाच हवी, कारण ती विलक्षण आहे. पण यादी सहसा इथेच थांबते. इरुकांजी हे मुळात केर्न्सच्या परिसरातल्या एका आदिवासी समाजाचं नाव आहे. १९५२ मध्ये ह्यूगो फ्लेकर यांनी या आजाराला ते दिलं, कारण दंशाच्या घटना त्या लोकांच्या किनाऱ्यावर घडत होत्या. आज तो शब्द शोधला तर आधी जेलीफिश येते, माणसं नंतर. एखाद्या समाजाचं नाव जगाला फक्त एका वेदनेचं नाव म्हणून माहीत असावं, ही गोष्ट जेलीफिशच्या विषापेक्षा जास्त वेळ लक्षात राहायला हवी.

आणि त्याच किनाऱ्यांवर, वाळूच्या कडेला, खांबांवर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात. बॉक्स जेलीफिशचा दंश झाला तर लगेच ओतायला. कातडीला चिकटलेल्या, अजून न फुटलेल्या दंशपेशी व्हिनेगरने निकामी होतात. साधारण नोव्हेंबर ते मे या काळात काही किनाऱ्यांवर पोहण्यासाठी जाळी लावून जागा आखून देतात. लोक पूर्ण अंगभर पोहण्याचे कपडे घालतात. धोक्यासोबत राहणं म्हणजे बहुधा असंच काहीतरी असतं. एक बाटली, एक जाळी, एक ऋतू. त्यात थरार नाही, म्हणून रीलही नाही.

*

आता प्लमवुड. फेब्रुवारी १९८५. काकाडू राष्ट्रीय उद्यान, ऑस्ट्रेलियाच्या अगदी उत्तरेला. तिथल्या मान्सूनचे दिवस. प्लमवुड एकट्याच एका छोट्या होडीतून, आदिवासींची शिळाचित्रं शोधत निघाल्या होत्या. मुख्य नदीकडे जाऊ नका, आतल्या पाण्यातच राहा, असं रेंजरने सांगितलं होतं. पाऊस वाढला, पाण्याच्या वाटा एकमेकींत मिसळल्या, आणि त्या भलतीकडे पोचल्या. परत फिरताना पाण्यात तरंगणारी एक काठी दिसली. ती काठी नव्हती.

मगरीने होडीला धडका द्यायला सुरुवात केली. प्लमवुड यांनी काठावरच्या झाडाची फांदी गाठायला उडी घेतली, तेव्हा मगरीने त्यांना हवेतच धरलं आणि पाण्याखाली गरगर फिरवलं. मगर भक्ष्याला अशी फिरवते ती त्याला बुडवण्यासाठी. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा पकड सुटली, आणि त्या चिखलाचा निसरडा काठ बोटं रोवत चढल्या. मांडी फाटलेली. चालवलं तोवर चालल्या, मग सरपटल्या. तासांनंतर रेंजरला त्या सापडल्या. डार्विनच्या इस्पितळात त्या दीर्घ काळ होत्या.

आपल्या भाषेत ‘मगरमिठी’ हा शब्द आपण कर्जासाठी, राजकारणासाठी, नात्यांसाठी सर्रास वापरतो. प्लमवुड यांचा निबंध वाचल्यावर तो शब्द काही दिवस तोंडात येत नाही.

पण हा निबंध मोठा आहे तो या प्रसंगामुळे नाही. वाचलेल्या माणसांच्या थरारकथा ढिगाने आहेत. निबंध मोठा आहे तो त्याच्या मधल्या एका क्षणामुळे. मगरीचे डोळे समोर असताना प्लमवुड यांचं मन ते स्वीकारायलाच तयार नव्हतं. हे खरं नाही, माझ्या बाबतीत हे होऊ शकत नाही. मी माणूस आहे. मी म्हणजे फक्त मांस कशी असेन? आणि मग ते ‘आतून’ दिसणारं जग, ज्यात आपण गोष्टीचे नायक असतो, फाटतं. पलीकडे एक दुसरं जग दिसतं, ज्याला आपल्या असण्या-नसण्याने काही फरक पडत नाही. तिथे आपण खाद्य आहोत, बाकीच्या सगळ्या खाद्यासारखंच. प्लमवुड यांचं म्हणणं असं, की हे दुसरं जग भयानक असलं तरी खोटं नाही. खोटं पहिलं आहे. आपण सगळं खाऊ शकतो पण आपल्याला कुणी खाऊ शकत नाही, ही कल्पना खोटी आहे, आणि माणसाने पृथ्वीचं जे करून ठेवलं आहे ते याच कल्पनेच्या जोरावर.

ही गोष्ट प्लमवुड यांनी लगेच लिहिली नाही. जवळपास दहा वर्षं थांबल्या. त्याचं कारण निबंधातच आहे. त्यांच्या आधी ती गोष्ट वर्तमानपत्रांनी सांगून टाकली होती. त्या आवृत्तीत मगर मोठी झाली, झटापट शूर झाली, आणि बाई एकटी जंगलात गेली होती या गोष्टीला एक वेगळाच, लैंगिक रंग चढला. पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, ‘क्रोकोडाइल डंडी’ हा सिनेमा आला आणि जगभर तुफान चालला. त्यात न्यूयॉर्कची पत्रकार बाई आपण एकट्या जाऊ शकतो हे दाखवायला पुढे निघते, पाण्यापाशी वाकते, मगर झेप घेते, आणि नायक सुरी घेऊन धावत येतो. नायकाचं काम करणारे पॉल होगन त्याच सुमाराला ऑस्ट्रेलियाच्या पर्यटनाच्या जाहिरातींचाही चेहरा होते. म्हणजे मगरीला मारणारा माणूस आणि ‘या, आमच्याकडे सुट्टी घालवा’ म्हणणारा माणूस एकच. पाकीट एकाच दुकानातून बांधलं जात होतं.

गजेंद्रमोक्षाची गोष्ट आठवते इथे. सरोवरात हत्तीचा पाय मगर धरते, हत्ती विष्णूचा धावा करतो, विष्णू गरुडावरून येतो आणि चक्राने मगरीला छेदतो. सांगाडा ‘डंडी’चाच आहे. संकटातला, जबडा आणि तारणारा. पण भागवतातल्या त्या कथेत मगरही शापित गंधर्व निघते आणि तिलाही मुक्ती मिळते. मगरीचं काय झालं, हा प्रश्न त्या कथेला विचारावासा वाटला. ‘डंडी’ला वाटला नाही.

प्लमवुड यांना वाटला. जखमी अवस्थेत नेलं जात असताना त्यांच्या कानावर बोलणं आलं, की उद्या परत जाऊन एखादी मगर गोळी घालून मारायची. त्यांनी त्याला कडाडून विरोध केला. मी तिच्या घरात शिरले होते, असं त्यांचं म्हणणं. एक गोष्ट त्या स्वतःवरही लिहितात. त्या भूमीचे जे आदिवासी मालक आहेत, त्यांना न विचारताच आपण त्या पाण्यात उतरलो. तिथले लोक वर्षाचे सहा ऋतू मोजतात आणि त्या पावसाच्या ऋतूला गुजेवग म्हणतात. कोणत्या ऋतूत कोणत्या पाण्यापासून दूर राहायचं, याचं ज्ञान तिथे हजारो वर्षं होतं. ब्रायसन यांच्या पुस्तकात स्थानिक माणूस विनोदाचा भागीदार असतो. प्लमवुड यांच्या निबंधात त्याला न विचारणं ही गंभीर बाब ठरते. एवढ्या एका फरकावर मी ही दोन पुस्तकं वेगळ्या कप्प्यांत ठेवेन.

*

तरी प्लमवुड यांना सरळ मान डोलावून टाकणं बरोबर नाही. त्यांच्या निबंधाला एक कठीण प्रश्न विचारावाच लागतो. मगरीची बाजू घेणं कुणाला परवडतं?

अमिताव घोष यांच्या ‘द हंग्री टाइड’ या २००४ च्या कादंबरीत सुंदरबनातल्या एका गावात वाघ अडकतो आणि गावकरी त्याला जाळतात. अमेरिकेत वाढलेली संशोधक पिया त्यांना थांबवायला धावते. तिला सर्वांत मोठा धक्का बसतो तो असा, की ज्याच्यावर तिचा विश्वास आहे तो मच्छीमार फोकीरही त्या गर्दीत आहे. कादंबरी पियाला चूक ठरवत नाही आणि गावालाही नाही. ज्यांची माणसं वर्षानुवर्षं वाघाने नेली, आणि ज्यांच्या मरणाची दखल वाघाच्या मरणाइतकीही घेतली जात नाही, त्यांच्यासाठी ‘आपणही खाद्य आहोत’ हे तत्त्वज्ञान नसतं. तो रोजचा हिशेब असतो. जुन्नरच्या उसात पहाटे पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला बिबट्याबद्दल हेच वाटत असणार.

प्लमवुड एकदा पाण्यात गेल्या, स्वतःच्या इच्छेने गेल्या, आणि परतल्यावर त्यांना पुन्हा त्याच पाण्यावर पोट भरायचं नव्हतं. त्यांच्या क्षमेचं मोल याने कमी होत नाही. पण त्यांचं म्हणणं सगळ्यांसाठीचा आदेश म्हणून वाचलं, तर ते क्रूर होईल. ते ज्यांच्यासाठी आहे ते आपण आहोत. ज्यांना कुठलाही प्राणी खात नाही, आणि जे स्क्रीनवर जबडे पाहून रात्री सुखाने झोपतात, त्या आपल्यासारख्यांसाठी.

याच ठिकाणी आपल्या हसण्याचाही हिशेब मांडायला हवा. ऑस्ट्रेलियात सर्पदंशाने वर्षाला सरासरी दोन-तीन माणसं मरतात. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा २०२० च्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. वर्षाला सरासरी ५८,०००. बहुतेक सगळी खेड्यांतली. शेतात, अंगणात, जमिनीवर झोपलेली. आणि सापांचा भयानक देश म्हणून मीम बनतं ते ऑस्ट्रेलियाचं. आपणही ते फॉरवर्ड करतो.

कारण उघड आहे. पर्यटक घाबरला की ती गोष्ट होते. शेतकरी मेला की तो आकडा होतो, पुष्कळदा तोही होत नाही. आपल्याकडे या विषयावर लिहिलं गेलंच नाही असं नाही, पण ते वेगळ्या जातीचं लेखन आहे. महाडच्या परिसरात विंचूदंशावर आयुष्य घालवलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा वापर रुजवला. एकेकाळी दंश झालेल्यांतले ४० टक्क्यांच्या आसपास रुग्ण दगावत, ते प्रमाण एक टक्क्यावर आलं. त्यांचे शोधनिबंध ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले, आणि ‘बॅरिस्टरचं कार्टं’ हे त्यांचं आत्मकथनही आहे. तोच कोकण, तेच ऊन, तीच लाल माती, जिच्यावर आपण होमस्टे बुक करतो. तिथल्या विंचवाची गोष्ट ‘टॉप टेन’मध्ये बसत नाही, कारण ती सांगणारा माणूस घाबरून पळालेला नाही. तो तिथेच राहून रात्रभर रुग्णाच्या खाटेशेजारी बसला आहे.

*

भीतीदायक निसर्गाबद्दलचं लेखन कसं जोखायचं, याची एक साधी कसोटी यातून हाती लागते. ते वाचल्यावर प्राण्याबद्दल काही कळलं का? तिथे राहणाऱ्या माणसांबद्दल काही कळलं का? आणि त्या पाण्यात उद्या उतरायची वेळ आली, तर आपण जास्त शहाणे झालेलो असू का? ब्रायसन पहिल्या दोन प्रश्नांवर अर्धे उत्तीर्ण होतात, हसवण्याचे वेगळे गुण द्यायला माझी ना नाही. रीलवाले तिन्हींत नापास. प्लमवुड तिन्हींत उत्तीर्ण होतात, आणि वर एक चौथा प्रश्न आपल्याला विचारतात. तुम्ही या साखळीत नक्की कुठे उभे आहात?

स्टीव्ह अर्विन यांचं उदाहरण या कसोटीवर सर्वांत अवघड जातं. त्यांनी मगरींवर खरोखर जीव टाकला आणि लाखो मुलांना तो टाकायला शिकवलं. ४ सप्टेंबर २००६ रोजी क्वीन्सलंडजवळच्या बॅट रीफवर एका स्टिंगरेचा काटा छातीत घुसून ते गेले. स्टिंगरे म्हणजे आपल्या कोळ्यांचं पाकट. वाटेला गेलं नाही तर ते सहसा कुणाच्या वाटेला जात नाही. ज्या माहितीपटाच्या चित्रीकरणासाठी ते तिथे होते, त्याचं नाव होतं ‘ओशन्स डेडलिएस्ट’. त्यांच्या मृत्यूनंतरच्या दिवसांत क्वीन्सलंडच्या किनाऱ्यांवर शेपट्या कापलेली मेलेली पाकटं सापडल्याच्या बातम्या आल्या. प्राण्यांवर प्रेम करायला शिकवणाऱ्या माणसाच्या नावाने कुणीतरी सूड घेत होतं. ‘सर्वांत जीवघेणे’ या शब्दांत ते प्रेम बांधून विकलं गेलं होतं. शब्द उरले, प्रेम निसटलं.

खाऱ्या पाण्यातल्या मगरींचंही तेच होऊ घातलं होतं. कातड्यासाठी झालेल्या शिकारीने उत्तर ऑस्ट्रेलियात त्या संपत आल्या होत्या. १९७१ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीत त्यांना संरक्षण मिळालं, आणि आज तिथे त्यांची संख्या सुमारे एक लाख मानली जाते. म्हणजे एका समाजाने जाणूनबुजून ठरवलं, की आपल्याला खाऊ शकणारा प्राणी आपल्या नद्यांत परत येऊ द्यायचा. पाट्या लावायच्या, शाळेत शिकवायचं, काही पाण्यांत उतरायचं नाही. त्याची किंमत आहे. २००२ मध्ये काकाडूत रात्री पोहायला उतरलेली एक जर्मन तरुणी मगरीने नेली. तो गट वाटाड्याबरोबर होता. पाटी वाचणं आणि पाटीसमोर सेल्फी काढणं यांतलं अंतर कधीकधी एवढं असतं.

प्लमवुड यांचं ‘द आय ऑफ द क्रोकोडाइल’ हे अपुरं राहिलेलं पुस्तक त्यांच्या पश्चात २०१२ मध्ये आलं. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीने ते मोफत खुलं ठेवलं आहे, फोनवर उतरवून घेता येतं. मगरीच्या भेटीची पूर्ण हकीकत त्यात आहे. शिवाय त्यांच्याकडे येत-जात राहिलेल्या बिरुबी नावाच्या वॉम्बॅटवरचा एक हळवा मृत्युलेख आहे. सुरुवात मगरीने करा, पण वॉम्बॅटपर्यंत नक्की पोचा. ज्या बाईने मगरीला क्षमा केली ती एरवी कशी जगत होती, हे तिथे कळतं.

२००८ मध्ये प्लमवुड यांचा त्यांच्या घरी मृत्यू झाला. त्या रानात एकट्या राहत. सुरुवातीला बातमी पसरली, की साप किंवा कोळी चावला असावा. नंतर कळलं, पक्षाघात होता. ज्या बाईने आयुष्यभर सांगितलं की या प्राण्यांना खलनायक करू नका, तिच्या मृत्यूलाही लोकांनी आधी खलनायक शोधला. तिला पुरलं ते तिच्याच डोंगरावर, ज्या झाडांखाली ती राहिली त्यांच्या मुळांना खाद्य म्हणून. तिच्या मते शेवट असाच असायला हवा होता.